राशीचा राखणदार

डोंगराच्या पायाशी कोरवाडी नावाचं एक गाव होतं, आणि डोंगराच्या माथ्यावर दगडांची एक रास होती. रास कोणी रचली ते कोणालाच ठाऊक नव्हतं. आपल्याकडे ज्याचा कर्ता सापडत नाही ते पांडवांच्या नावावर घालायची रीत आहे, तशी हीही घातली होती. रास चांगली तीन पुरुष उंच होती. बुडाला चार माणसांनाही हलणार नाहीत असे धोंडे होते, आणि वर जाता जाता एका हाताने उचलता येतील एवढे दगड.

त्या राशीला एका जुन्या राजाची सनद होती. डोंगराच्या कुशीत एक खोरं होतं. खोऱ्यात दाट रान होतं, आणि रानात कधी न आटणारा झरा होता. डोंगराची एक सोंड खोऱ्याच्या आड आली होती. तिच्यावरून राशीचा शेंडा तेवढा खोऱ्यात डोकावायचा. खोऱ्याच्या उतारावर एकाखाली एक असे पाच उघडे कातळ होते. सनदेत लिहिलं होतं की, ज्या कातळावर उभं राहून नुसत्या डोळ्यांनी रास दिसते, त्या कातळापर्यंतच्या रानाला कोणी कुऱ्हाड लावू नये. राजानेही लावू नये. रास पाचही कातळांवरून दिसायची, म्हणून सगळं रान राखीव होतं. झरा चौथ्या कातळाच्या बुडाशी होता. गावाची माणसं, गुरं आणि भाताची खाचरं त्याच्यावर जगत होती.

दर पावसाळ्यात राशीचे दोन-चार दगड घरंगळत. म्हणून रीत अशी होती की, जो कोणी डोंगर चढेल त्याने खालच्या ओढ्यातला एक दगड बरोबर न्यायचा आणि राशीवर ठेवायचा. राशीवरचा दगड मात्र कोणीही, कशासाठीही उचलायचा नाही. ही रीत सांभाळायला एक राखणदार नेमलेला असे.

राखणदाराचं नाव धाकोजी. त्याच्या घराण्यातली ही सातवी पिढी. सुगीला गाव त्याच्या पदरात धान्य घाली, पण मान घालायला विसरे. लग्नाच्या पंगतीत त्याचं पान शेवटच्या ओळीत. लहानथोर त्याला ‘धाक्या’ म्हणून हाक मारत. धाकोजी वरून हसे आणि आतून जळे. कामात मात्र त्याची खोट नव्हती. ऊन असो, वारा असो, दिवसातून दोनदा तो राशीभोवती फिरे, आणि कोणता दगड कुठे आहे हे त्याला तोंडपाठ असे.

डोंगराच्या अंगावर ठकूबाई नावाची एक म्हातारी शेळ्या राखत असे. गाव तिला ठकूआत्या म्हणे. एकदा वाऱ्याने तिच्या खोपटाची ताटी सारखी उघडू लागली, तेव्हा तिने ताटीला टेकू म्हणून राशीवरचा एक दगड आणला. धाकोजीने दुसऱ्याच दिवशी तो ओळखला.

“आत्ये, दगूड राशीचा हाय. एकाला तीन ही रीत हाय. वढ्यातनं तीन आणून ठिवायचं,” तो म्हणाला.

“माजं गुडघं बघितलंस का रं?”

“बघितलं. पर रीत म्हंजी रीत.”

म्हातारीने तीन खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला ती राशीपाशी बसली, धापा टाकत पाणी प्यायली आणि म्हणाली, “बेस केलंस बाबा. तू असा हाईस म्हणून रास हाय.” ती रागावली नाही. धाकोजीला त्या दिवशी फार बरं वाटलं, पण शेळ्या राखणाऱ्या म्हातारीने केलेली वाहवा ती, तिची किंमत त्याला कितीशी वाटणार?

पुढे असं झालं की नव्या राजाने नवा राजवाडा बांधायला काढला. राजवाडा म्हटला की तुळया आल्या, खांब आले, चुन्याच्या भट्ट्या आल्या. एवढं लाकूड आणायचं कुठून? राजाने हुकूम काढला की राज्यातली सगळी रानं मोजा; सनदेतलं रान सोडा आणि बाकीचं तोडा. राजा काही अन्यायी नव्हता. सनद मोडायची नाही, एवढं तो आवर्जून म्हणाला होता.

भाद्रपदाच्या अखेरीला मोजणीवाले कोरवाडीच्या डोंगरावर आले. त्यांचे मुख्य विसाजीपंत. बरोबर चाळीस माणसं, साखळ्या, निशाणं, तंबू आणि स्वयंपाकाची भांडी. सगळ्या मुलखावर नजर टाकायला माथ्यासारखी दुसरी जागा नव्हती, म्हणून छावणी माथ्यावरच पडली. पण आभाळ खाली उतरलेलं. धुक्यात आपला हात आपल्याला दिसेना, तिथे पाच कातळांवरून रास काय दिसणार? धुकं निघेपर्यंत थांबणं भाग होतं.

गावाने चावडीत बैठक भरवली. पाटील म्हणाले, “आपल्याला भ्यायचं कारन न्हाई. पाचीबी कातळांवरनं रास दिसती. धुकं गेलं की त्येंचं त्येच बघत्याल.”

“मी हाय की वर,” धाकोजी मागून म्हणाला.

“व्हय, धाक्या हाय,” पाटील म्हणाले, आणि बैठक उठली.

मोजणीवाल्यांनी तंबू ठोकले खरे, पण माथा सगळा कातळाचा. खुंट्या आत जाईनात. दोरांना बांधायला वजन हवं, चुलींना तीन-तीन दगड हवेत. ओढा तासाभराच्या उतारावर. पंत स्वतः धाकोजीच्या झोपडीपाशी आले आणि हात जोडून म्हणाले, “नमस्कार, धाकोजीराव.”

धाकोजीने मागे वळून बघितलं. आणखी कोणी धाकोजीराव तिथे उभा आहे की काय, असं त्याला वाटलं.

“आमची माणसं थंडीने कुडकुडताहेत. राशीवरचे थोडे दगड चुलीपुरते घेतले तर चालतील का? ही जागा तुमची. तुमच्या शब्दाबाहेर आम्ही नाही.”

सात पिढ्यांत असं कोणी विचारलं नव्हतं. धाकोजीच्या ओठावर ‘रीत म्हंजी रीत’ आलं होतं. पण एवढा मोठा माणूस हात जोडून उभा आहे आणि आपण त्याला म्हातारीसारखं ओढ्यावर पाठवायचं, हे काही त्याला जमेना.

“पर सरकार, जाताना जागच्या जागी ठिवावं लागंल,” तो म्हणाला.

“एकही दगड कमी भरणार नाही. माझा शब्द आहे,” पंत म्हणाले.

झालं. शब्द मिळाला, त्यामुळे मनही मोकळं झालं. मोजणी होणार ती छावणी असताना आणि दगड परत येणार ते छावणी उठताना, एवढी साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. मानाचा घास तोंडात असला की माणसाला पुढचं ताट दिसत नाही.

पहिल्या दिवशी चुलींपुरते गेले. मग तंबूंच्या दोरांना गेले. मग वारा लागतो म्हणून मुदपाकखान्याभोवती कमरेएवढी भिंत झाली. मग पंतांना अंघोळीला दगडांची न्हाणी झाली, निशाणाच्या काठीला पार झाला, घोड्यांना आडोसा झाला. दर वेळी पंत विचारत, “धाकोजीराव, चालेल ना?” आणि दर वेळी धाकोजी म्हणे, “न्या की, सरकार.” माणसं नेत ती वरचे, हाताजोगे दगड. बुडाच्या धोंड्यांना कोण हात लावतो? त्यामुळे रास रुंदीला होती तेवढीच राहिली आणि उंचीने मात्र खचत गेली. धुक्यात ते कोणाच्या डोळ्यावर आलं नाही.

धाकोजीला आता पंतांच्या तंबूत सतरंजीवर जागा मिळे. हातात गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या येई. पंत त्याला राशीच्या जुन्या गोष्टी विचारत आणि कारकुनाकडून लिहून घेत. तो बोले आणि शिकलेली माणसं माना डोलावत. मनाला टोचणी लागे तेव्हा तो खाली उतरे आणि येताना ओढ्यातला एक दगड आणून राशीवर ठेवी. तेवढ्या वेळात पन्नास गेलेले असत. पण आपण एक ठेवला, या समाधानात तो तंबूकडे वळे.

गाव तरी काय करत होतं? गाव छावणीला दूध घालत होतं, भाजी घालत होतं, कोंबड्या घालत होतं. वर जाणाऱ्यांनी राशीवरून दगड नेताना बघितले होते. पण ‘राखनदार बघंल की’ म्हणून जो तो आपल्या वाटेने खाली येत होता.

आश्विन सरला. कार्तिकातल्या एका सकाळी वारं फिरलं आणि धुकं विरायला लागलं. ठकूबाई शेळ्या घेऊन माथ्यावर आली. रास बघून ती जागीच थांबली. तीन पुरुष उंचीची रास दीड पुरुषावर आली होती.

ती धाकोजीच्या झोपडीपाशी गेली आणि म्हणाली, “धाकू, राशीचं डोस्कं कुटं गेलं?”

“छावनीत हाय, आत्ये. जाताना ठिवनार हैत. पंतांचा शबूद हाय.”

“आन् मोजनी कवा हाय?”

धाकोजीने छावणीकडे बघितलं.

“उद्या सक्काळी हाय मोजनी,” ठकूबाईच म्हणाली. “खाली दवंडी झाली. अरं, उद्या त्ये खोऱ्यातनं वर बघनार. आत्ताच्या आत्ता जा आन् दगूड माग. चाळीस मानसं हैत, चार घटका लागत्याल. एवढा दीस हाय अजून.”

“मागतो की.”

“माज्या एका दगडाला तीन घेतलंस. त्येंच्याकडनं त्येंचंच माग. जास्ती नगं.”

धाकोजी उठला, मुंडासं सारखं केलं आणि पंतांच्या तंबूकडे निघाला. वाटेत तो वाक्य जुळवत होता. ‘पंत, आता दगूड परत द्या.’ पाच शब्द. त्यात कठीण काहीच नव्हतं.

तंबूत पंगत बसली होती. मोजणी बघायला सुभेदार आले होते. त्यांच्या शेजारी पंत, पुढे केळीची पानं. पंतांनी धाकोजीला बघितलं आणि हाताला धरून आत आणलं.

“सुभेदारसाहेब, हेच ते धाकोजीराव,” पंत म्हणाले. “या माथ्याचे धनी. यांच्या मोठ्या मनामुळे आमची माणसं इथे जगली. यांचा मान राखल्याशिवाय पान वाढायचं नाही.”

पंतांनी तबक मागवलं. तबकात एक लाल पागोटं होतं, जरीच्या काठाचं. ते त्यांनी स्वतःच्या हाताने धाकोजीच्या डोक्यावर ठेवलं. सुभेदार ‘वा’ म्हणाले. धाकोजीला पहिल्या ओळीत, सुभेदारांच्या उजव्या हाताला बसवलं.

आता बोलायचं कसं? एवढा सत्कार झाला आणि लगेच म्हणायचं की माझे दगड परत द्या? लोक म्हणतील, अखेर गावंढळ तो गावंढळच. धाकोजीने ठरवलं की आधी जेवण होऊ दे. जेवण झालं. मग ठरवलं की सुभेदार उठू देत. सुभेदार उठले ते पंतांना घेऊनच फिरायला गेले. चुलींवर दुसऱ्या वेळचं शिजायला लागलं होतं, आणि पेटत्या चुलीचे दगड कोण काढून देणार? धाकोजी झोपडीत परतला. दीड पुरुष म्हणजे काही कमी नाही, एवढ्याने दिसेल, असं तो स्वतःला सांगत राहिला. ज्याला ‘द्या’ म्हणायचा धीर होत नाही, त्याला ‘चालेल’ म्हणायला शंभर कारणं सुचतात.

सकाळी आभाळ धुतल्यासारखं निघालं. सगळी कोरवाडी खोऱ्यात जमली. सनदेची एक अट होती: प्रत्येक कातळावर राखणदाराने उभं राहायचं, देवाची शपथ घ्यायची आणि रास दिसते की नाही ते तोंडाने सांगायचं. मोजणीवाल्यांनी फक्त लिहून घ्यायचं. जुन्या राजाने एवढा विश्वास राखणदारावर टाकला होता.

पहिल्या कातळावर धाकोजी चढला. सोंडेवर शेंडा दिसला, पण बोटभरच.

“दिसती,” तो म्हणाला. कारकुनाने लिहिलं.

दुसऱ्या कातळावरून त्याने बघितलं. सोंड होती, सोंडेवरचं गवत होतं आणि वर निळं आभाळ होतं. त्याने डोळे चोळले. डावीकडे सरकला, उजवीकडे सरकला, चवड्यांवर उभा राहिला. लाल पागोटं मागे घसरलं.

“सांगा, धाकोजीराव,” पंत मृदू आवाजात म्हणाले.

त्याने खाली बघितलं. सगळं गाव त्याच्या तोंडाकडे बघत होतं. ‘दिसती’ म्हणावं, असं त्याच्या मनात आलं. पण शपथ घेतलेली, आणि पंतांचे दोन मोजणीदार त्याच कातळावर त्याच्याच खांद्याशी उभे. त्यांनाही डोळे होतेच.

“न्हाई दिसत,” तो म्हणाला.

तिसऱ्यावर तेच, चौथ्यावर तेच. चौथ्या कातळाखाली झरा वाहत होता आणि त्याच्या आवाजात धाकोजीचा आवाज ऐकूही आला नाही. कारकुनाने दुसऱ्यांदा विचारलं आणि त्याला पुन्हा म्हणावं लागलं. पाचव्या कातळावर तो चढलाच नाही, खालूनच त्याने मान हलवली.

मग मात्र तो पंतांच्या पायाशी बसला. “सरकार, रास हाय. तुमच्याच चुलीखाली हाय, तुमच्या न्हानीत हाय. चार दीस द्या. मी रचतो, येकटा रचतो, मंग बघा.”

पंतांचा चेहरा उतरला. ते लबाड असते तर ही गोष्ट सोपी झाली असती. पण ते लबाड नव्हते.

“धाकोजीराव, शपथेवर सांगितलेलं खोडता येत नाही,” ते म्हणाले. “मोजणीवाला आहे ते लिहितो, काल होतं ते लिहीत नाही. तुम्ही काल मागितले असते तर मी नाही म्हणालो असतो का? मी तर दर वेळी तुम्हाला विचारूनच घेतले.”

पंतांनी खरोखरच दर वेळी विचारलं होतं.

चार दिवसांनी छावणी उठली. पंतांनी आपला शब्द पाळला. चाळीस माणसांनी चुली मोडल्या, भिंती उकलल्या, न्हाणी काढली आणि एकेक दगड राशीवर नेऊन रचला. काही दगड धुराने काळे झाले होते एवढंच. पंतांनी स्वतः उभं राहून बघितलं, एकही कमी भरला नाही. रास पुन्हा तीन पुरुष उंच झाली, आणि पाचही कातळांवरून लख्ख दिसू लागली.

त्याच आठवड्यात पहिल्या कातळाखालच्या सगळ्या रानाला कुऱ्हाडी लागल्या. तोडणारे दमले की कातळावर टेकत आणि समोर सोंडेवर दिसणाऱ्या राशीकडे बघत भाकरी खात. माघ संपायच्या आत रान संपलं. चैत्रात झऱ्याची धार करंगळीएवढी झाली आणि वैशाखात तीही गेली. बायका नदीवरून पाणी आणू लागल्या. जायला एक कोस आणि यायला एक कोस. भाताची खाचरं भेगाळली. ठकूबाईने शेळ्या मिळेल त्या भावाला विकल्या आणि ती लेकीच्या गावी निघून गेली. जाताना ती धाकोजीच्या झोपडीवरून गेली, पण तिने तिकडे बघितलं नाही.

राजाने मात्र त्याचं कौतुक केलं. पंतांनी लिहून पाठवलेल्या गोष्टी दरबारात वाचल्या गेल्या. एवढी प्राचीन रास आपल्या राज्यात आहे, तिची नीट निगा राखा, असा हुकूम निघाला. राशीभोवती लोखंडी कुंपण आलं, धाकोजीचं धान्य दुप्पट झालं. कोरवाडीचे लोक आता डोंगर चढताना दगड आणत नाहीत. आणायचा तरी कशासाठी?

लांबलांबचे लोक रास बघायला येतात. परवा एक श्रीमंत प्रवासी बायकामुलांसह आला. रास बघून तो थक्क झाला आणि धाकोजीला म्हणाला, “किती जपलंत हो तुम्ही. हजारो वर्षांची रास, आणि एक दगड हललेला नाही.”

धाकोजीने मान खाली घातली. प्रवाशाला तो विनय वाटला. मुलांना तहान लागली होती, म्हणून त्याने इथे पाणी कुठे मिळेल असं विचारलं. धाकोजीने बोडक्या खोऱ्यापलीकडे, लांब नदीकडे बोट दाखवलं.

तात्पर्य: गरिबाला नियम दाखवणारा आणि मोठ्याने मान दिला की नियम विसरणारा राखणदार शत्रूपेक्षा वाईट, कारण शत्रू नेतो ते चोरून नेतो, आणि हा आपल्या हाताने देतो. दिलेलं पुढे मोजून परत आलं, तरी ज्यासाठी ते राखायचं होतं ते परत येत नाही.